थंडीत बाळाला पहिल्यांदा गावी नेताना: उंबरठ्यापासून बोरन्हाणापर्यंत

पहिलं बाळंतपण माहेरी आणि तिसऱ्या नाहीतर पाचव्या महिन्यात बाळ-बाळंतीण सासरी, हा क्रम अजून बऱ्याच घरांत चालतो. बाळ सप्टेंबरच्या आसपासचं असेल तर गावची पहिली खेप नेमकी ऐन थंडीत येते. संक्रांत तोंडावर असते, म्हणून बोरन्हाणही त्याच फेरीत उरकू असं कोणीतरी फोनवर ठरवूनही टाकतं. मग चार दिवसांत आजी-आजोबा, पणजी, काका-काकू, आत्या, त्यांची पोरं आणि निम्मी भावकी, सगळ्यांना बाळ बघायचं असतं. नुसतं बघायचं नाही, घ्यायचं असतं.

आमचं गाव निफाड तालुक्यातलं, त्यामुळे पुढचं सगळं तिथल्या हवेच्या हिशेबाने लिहिलंय. थंडीची लाट आली की राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत निफाडचं नाव हमखास असतं. पारा कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो. त्याच दिवशी दुपारी अंगणात बसलं की स्वेटर नकोसा होतो. तुमचं गाव जळगावकडे असो की बीडकडे, कडाका कमी-जास्त असेल, माणसं मात्र सारखीच.

एक गोष्ट निघण्याआधीच नवरा-बायकोने ठरवून टाकावी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: ज्याचे नातेवाईक, त्याने बोलायचं. सुनेने 'हात धुवून घ्या' म्हटलं की ती शिकवायला लागली असं होतं. तेच मुलाने म्हटलं की 'बाप झाला बरं का आता' म्हणून कौतुक होतं. हे न्याय्य नाही, पण चार दिवसांत भावकी सुधारायला आपण निघालेलो नाही. माहेरच्या गावी गेलात तर हेच उलट: मामा-मावशीला लेकीने सांगायचं, जावयाने नाही. आणि नुसतं 'नको, नको' करत सुटू नका. प्रत्येक 'नको'च्या जोडीला त्या माणसाच्या हातात बाळाचं एखादं काम द्या. ज्याला काम मिळतं, तो तुमच्या बाजूचा होतो.

तारीख ठरवताना

सरकारी वेळापत्रकात बाळाच्या लसी जन्मानंतर, मग ६, १० आणि १४ आठवड्यांना असतात. या तीन फेऱ्यांत पेंटाव्हॅलंट असते, म्हणजे डांग्या खोकला, घटसर्प, धनुर्वात वगैरेंचं संरक्षण तिच्यातून मिळतं. गर्दीच्या घरात न्यायचं असेल तर १४ आठवड्यांची लस होऊन आठवडा-दोन आठवडे गेलेले असणं सगळ्यांत बरं. म्हणजे बाळ साधारण पावणेचार महिन्यांचं झालेलं असतं, मान सावरायला लागलेली असते आणि आईचाही जीव थाऱ्यावर आलेला असतो. दोन महिन्यांच्या आतलं बाळ केवळ बोरन्हाणासाठी थंडीत न्यायचं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: नेऊ नका. बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं आणि पाचव्या वर्षापर्यंत कुठल्याही वर्षी चालतं. घरातल्या मोठ्या बाईला हे ठाऊक असतं. फक्त तिच्याच तोंडून ते वदवून घ्यायचं.

बाळ वेळेआधी जन्मलेलं, वजनाला कमी किंवा हृदयाचा-फुप्फुसाचा काही त्रास असलेलं असेल तर आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय तिकीट काढू नका. सहा महिन्यांच्या पुढच्या बाळाला फ्लूची लसही देता येते. त्याआतल्या बाळाला ती चालत नाही, म्हणून मग आजूबाजूच्या माणसांनी घ्यायची. निघायच्या दोन आठवडे आधी घेतली तर तिचा उपयोग.

परदेशातून डिसेंबरच्या सुट्टीत येणाऱ्यांचं गणित थोडं वेगळं. तिकडे अनेक देशांत जन्मल्यावर बीसीजी, म्हणजे टीबीची लस, देत नाहीत, आणि ६ ते ११ महिन्यांच्या बाळाला परदेश प्रवासाआधी गोवराची लस लवकर देण्याचा सल्ला अमेरिकेत तरी दिला जातो. हे तिथल्या डॉक्टरांशी महिना-दीड महिना आधीच बोलून घ्या. आणि विमानतळावरून थेट गाव गाठू नका. मुंबईत किंवा पुण्यात दोन रात्री काढा. बाळाची दिवस-रात्र उलटलेली असताना पंचवीस माणसांसमोर त्याला नेणं म्हणजे त्याचेही हाल आणि आईचेही.

निघण्याआधीचा फोन

हा फोन बाबाने करायचा, आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर नियमांची यादी टाकून करायचा नाही. यादी पडली की ती फॉरवर्ड होते आणि गाव गाठेपर्यंत तुमचं नाव झालेलं असतं. घरातलं जे माणूस शब्दाला वजन असलेलं आहे, आजी असेल, मोठी काकू असेल, तिला एकटीला फोन करा. साधारण असं:

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय, थंडीत बाळाला सर्दी लागू द्यायची नाही. कोणाला खोकला-ताप असेल तर दोन दिवस लांबूनच बघू दे. तू सांगितलंस तर सगळे ऐकतील."

यात तीन गोष्टी साधतात. सांगणारे डॉक्टर, राखणारी आजी आणि 'बंदी'ऐवजी 'दोन दिवस'. त्याच फोनमध्ये हळूच विचारून घ्या: घरात कोणाचा खोकला बरेच दिवस चाललाय का? दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर त्या माणसाची टीबीची तपासणी तशीही व्हायला हवी, आणि ती सरकारी दवाखान्यात फुकट होते. बाळाच्या निमित्ताने एखादं टाळलेलं दुखणं मार्गी लागलं तर बरंच.

खोलीचंही आत्ताच बोला. बाळाला आणि आईला एक खोली लागेल, जिला आतून कडी आहे, जिच्यात चुलीचा धूर येत नाही आणि जी संडास-बाथरूमपासून फार लांब नाही. जुन्या घरात अशी खोली म्हणजे बहुधा धान्याच्या कणग्यांची किंवा गाद्यांची. आठवडाभर आधी सांगितलं तर ती झाडून-पुसून, उंदरांचा बंदोबस्त होऊन तयार मिळते.

बॅगेत काय

लंगोट, झबली, दुपटी तुम्ही घेणारच. गावाच्या थंडीसाठी मी भर देईन तो पातळ कपड्यांच्या थरांवर. एका जाड स्वेटरपेक्षा सुती झबलं, त्यावर पूर्ण बाह्यांचं बनियन, त्यावर पातळ लोकरीचं, असं. पहाटे तीन थर, दुपारी एक. ढोबळ हिशेब असा की आपल्या अंगावर जेवढं आहे त्याहून एक थर जास्त. बाळाचे हातपाय गार लागतात म्हणून घाबरू नका, ते गारच असतात. मानेमागे किंवा छातीवर हात लावून बघा. तिथे घाम असेल तर कपडे जास्त झालेत. गावी मात्र बाळाचा पंजा धरून 'गारठलंय गं लेकरू' म्हणत कोणीतरी कुंचीवर टोपी आणि टोपीवर शाल चढवतंच. तेव्हा त्या माणसाचा हात धरून बाळाच्या पाठीवर ठेवायचा: "बघा काकू, इथे किती ऊन लागतंय." बोलण्यापेक्षा हे लवकर पटतं.

याशिवाय डिजिटल थर्मामीटर, नाकात घालायचे मिठाच्या पाण्याचे थेंब, डॉक्टरांनी वजनानुसार लिहून दिलेलं तापाचं औषध, रोजचे ड जीवनसत्त्वाचे थेंब आणि लसीकरणाचं कार्ड. बाळाचा साबण-तेल आपलं आपण न्या. डायपर दुप्पट न्या. तालुक्याच्या ठिकाणी मिळतात, पण नेमका हवा तो आकार रात्री नऊला मिळत नाही.

रस्ता

पुण्याहून निफाड साधारण सव्वादोनशे किलोमीटर. मंचर, नारायणगाव, आळेफाटा, मग चंदनापुरीचा घाट उतरून संगमनेर आणि पुढे सिन्नर. एरवी पाच-सहा तासांचा रस्ता. बाळ बरोबर असेल तर सात धरा आणि उशीर झाला म्हणून कोणी फोन करत राहणार नाही असंही सांगून ठेवा. सकाळी आठनंतर निघावं. पहाटेच्या धुक्यात आणि थंडीत लवकर निघून काही मिळत नाही, उलट बाळ पोचेपर्यंत चिरडीला आलेलं असतं. दिवस मावळायच्या आत पोचाल अशा बेताने निघा.

गाडी आपली असेल तर बाळाची सीट मागे, मागच्या बाजूला तोंड करून. पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर बाळ, हे चित्र आपल्याकडे सर्रास दिसतं आणि तेच सगळ्यांत धोक्याचं आहे: जोरात ब्रेक लागला तर कोणाचेही हात बाळाला धरून ठेवू शकत नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातही चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा त्याच्यासाठीची सीट न वापरल्यास एक हजार रुपये दंड आहे. सीटचे पट्टे लावताना फुगीर जॅकेट काढा, पट्टे अंगासरशी बसू द्या आणि दुपटं वरून घाला. दर दीड-दोन तासांनी थांबून बाळाला सीटमधून बाहेर काढायचं, पाजायचं, पाठ मोकळी होऊ द्यायची. एसटीने जाणाऱ्यांना मोठ्या बसस्थानकांवर हिरकणी कक्ष, म्हणजे बाळाला पाजायची खोली, असते. कुलूप दिसलं तर परत फिरू नका, वाहतूक नियंत्रकाकडे चावी मागा.

उंबरठ्यावर

गाडीचा आवाज आला की सगळे बाहेर येतात. आजी भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी असते. बाळावरून भाकरतुकडा ओवाळून टाकणं, डोळ्यांना पाणी लावणं, औक्षण, हे सगळं होऊ द्या, घाईने उरकायला लावू नका. यात बाळाला काही होत नाही आणि आजीने या क्षणाची महिनोन्‌महिने वाट बघितलेली असते. निरांजन फार जवळ येऊ द्यायचं नाही आणि कुंकू बाळाच्या कपाळावर टेकवण्यापुरतं, एवढंच पाहा. पाणी गार असतं, तर कोमट घ्यायला आधी सांगून ठेवलेलं बरं.

औक्षण झालं की बाळ लगेच हातोहात फिरायला लागतं. इथे बाबाने पुढे व्हायचं: "भुकेलंय, पाजून आणते ही, मग सगळ्यांनी घ्या." आई बाळाला घेऊन थेट ठरलेल्या खोलीत. अर्धा-पाऊण तास. एवढ्या वेळात बाळ पोटभर पितं, वास-आवाजांची ओळख होते, आणि बाहेर चहा होऊन गर्दीचा पहिला जोर ओसरतो. बाबाने या वेळात अंगणातल्या मोरीपाशी साबण आणि स्वच्छ पंचा ठेवून स्वतः सगळ्यांसमोर हात धुवावेत. दुसऱ्याला सांगण्याची निम्मी गरज तिथेच संपते. धाकट्या पोरांना 'हात धुवायचे पोलीस' नेमा. सात-आठ वर्षांचं पोर या कामात इतकं कडक असतं की सरपंचालाही सोडत नाही.

कोणी आणि कसं घ्यायचं

पणजीपासून सुरुवात करा. मानाने ती पहिली, आणि तिच्याकडे बघून बाकीचे शिकतात. तिचे हात थरथरत असतील तर उभ्याने द्यायचं नाही. खाटेवर भिंतीला टेकून तिला बसवा, मांडीवर एक उशी, उशीवर दुपटं. बाळाचं डोकं तिच्या डाव्या कोपराच्या खळग्यात ठेवा, उजवा हात बाळाच्या पोटावर. तुम्ही शेजारी गुडघे टेकून बसा, हात उशीखाली, दिसणार नाही असा. आणि मग घाई करू नका. पणजी बोटाने बाळाची भुवई चाचपेल, कान बघेल, 'कान तर ह्यांचेच' म्हणेल. बाळही बहुधा शांत असतं, कारण म्हातारी हलवत नाही, डुलवत नाही, फक्त बघते.

तरुण काका-मामांचं उलट. त्यांना बाळ वर उडवायचं असतं. हे अजिबात चालायचं नाही, आणि इथे गोड बोलायची गरज नाही.

पापे हा अवघड विषय. थंडीत सर्दीचे विषाणू हातांनी आणि तोंडाने पसरतात. मोठ्यांची साधी सर्दी दोन-तीन महिन्यांच्या बाळाच्या छातीत उतरू शकते. ओठांवर पुटकुळी आलेल्या माणसाने तर बाळाचा पापा घेऊच नये, त्यातला हर्पिसचा विषाणू लहान बाळाला फार जड जातो. 'पापा नको' म्हणण्याऐवजी 'पायाचा घ्या' म्हणा. मोजा घातलेला पाय पुढे केला की सगळे हसून पायाचाच घेतात. बाळाच्या मुठीत नोट कोंबायची पद्धत असते, आणि मूठ पुढच्या क्षणी तोंडात जाते. त्यासाठी एक ताट मांडून ठेवा: "ताटात ठेवा, बाळ तिथूनच घेईल."

विडी-सिगारेट ओढून आलेले आजोबा, मिश्री लावणारी काकू, यांना हात-तोंड धुवून, शाल बदलून यायला सांगायचं. आमच्या भागात आणखी एक भर: थंडीत द्राक्षबागांच्या फवारण्या चालू असतात. ब्लोअर चालवून आलेल्या माणसाने आंघोळ करून, कपडे बदलूनच बाळ घ्यावं. बाग घराला लागून असेल तर फवारणीच्या वेळी खिडक्या लावा आणि बाळाचे कपडे त्या बाजूला वाळत घालू नका. कडाक्याची थंडी पडली की बागा वाचवायला रात्री शेकोट्या पेटवून धूर करतात. त्या रात्री बाळाची खोली बागेच्या उलट्या बाजूची असू द्या.

बाळ तोंड फिरवायला लागलं, जांभया देऊ लागलं, उचकी लागली, मुठी आवळल्या, की समजा पुरे झालं. रडायची वाट बघू नका. ठरलेल्या खोलीत परत. दिवसात पाहुण्यांच्या दोन वेळा ठेवल्या तर सोपं पडतं, सकाळी अकरा ते एक आणि दुपारी चार ते साडेपाच. दिवे लागणीला कोणीच नको. त्या वेळेला बाळं तशीही किरकिरतात, आणि समोर दहा माणसं असली की दहा कारणं निघतात: पोट दुखतंय, दूध पुरत नाही, दृष्ट लागली.

दृष्ट काढायची असेल तर काढू द्या. मीठ-मोहरी-मिरच्या बाळावरून उतरवून चुलीत टाकायच्या त्या परसातल्या, म्हणजे ठसका बाळापर्यंत येणार नाही. काजळाची तीट तळपायाला किंवा कानामागे. डोळ्यांत काजळ नको, बऱ्याच काजळ-सुरम्यांत शिसं सापडलेलं आहे.

तेल, आंघोळ, धुरी, गुटी

खरी परीक्षा इथे. बाळाला न्हाऊ-माखू घालणं हा आजीचा हक्क, आणि तो तिला द्यावा असंच माझं मत आहे. पायांवर बाळ आडवं घेऊन कोमट खोबरेलाने मालीश करणारी आजी जे करते ते पुस्तकात बघून जमत नाही. वेळ मात्र तुम्ही ठरवा: दुपारी बारा-साडेबारा, ऊन चढल्यावर, दारं लावून. बंबातलं पाणी कोपराने बघून. आंघोळ पाच मिनिटांत आटपायची.

चार गोष्टी आजीला आधी सांगाव्या लागतात. नाकात-कानात तेल सोडायचं नाही. नाक उंच व्हावं म्हणून ओढायचं नाही. छाती पिळायची नाही. आणि पावडर उधळायची नाही. हे सांगताना 'तुमचं चुकतं' असा सूर नको. तिने वाढवलेली मुलं समोर धडधाकट उभी असतात, वाद तुम्ही हरणार. "बाळाच्या डॉक्टरांना कळलं तर मला बोलतील" एवढं पुरतं.

धुरीला मात्र ठाम नाही. निखाऱ्यांवर ओवा, बाळंतशोपा, धूप टाकून केलेला धूर बाळाच्या श्वासनलिकेला त्रास देतो. त्याऐवजी आंघोळीनंतर गरम पंचात गुंडाळून आजीच्या मांडीवर दहा मिनिटं कोवळ्या उन्हात, डोळ्यांवर सावली धरून. ऊबच हवी असते, ती मिळते. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणं तर बाळालाच काय, मोठ्यांनाही जिवावरचं: त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही.

गुटीचं सहाण आणि हळकुंड, मुरडशेंग, वेखंड, जायफळ असा सगळा संच आजीने तुमच्यासाठी जपून ठेवलेला असण्याची शक्यता आहे. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, ही आज डॉक्टरांची सरळ भूमिका आहे. जायफळाने बाळ झोपतं ते गुंगीने. मध तर वर्षाच्या आत एक बोटभरही नको. त्यातल्या जंतूंमुळे बोट्युलिझम हा लुळेपणाचा आजार होऊ शकतो. मग संच परत करायचा का? नाही. "सहा महिने झाले की डॉक्टरांना विचारून बघू" म्हणून जवळ ठेवा. दरम्यान आजीची शक्ती आईकडे वळवा: डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाजरीची भाकरी. बाळासाठी काही करायचं तर आईला खायला घाला, ही गोष्ट प्रत्येक आजीला मान्य असते. आणि चार दिवस आईने स्वयंपाकघरात उभं राहायचं नाही, हेही बाबाने पहिल्याच जेवणाला मोठ्याने बोलून टाकावं.

रात्र

बाळ पाठीवर झोपवायचं, सपाट, घट्ट अंथरुणावर. राईची उशी, दोन्ही बाजूंना लोड, वरून जड गोधडी, हे मायेने रचलेलं सगळं झोपेत तोंडावर येऊ शकतं. गोधडी बाळाच्या अंगावर नव्हे, अंथरुणाच्या खाली घाला, म्हणजे जमिनीची ओल वर येत नाही आणि आजीची गोधडीही वापरली जाते. बाळाला अंगाबरोबर बसणारे थर घाला. झोपताना टोपडं काढा. बाळं जास्तीची उष्णता डोक्यावाटे सोडतात. गळ्यात काळा दोरा, साखळी, मनगटात सैल मणी असतील तर रात्री उतरवून ठेवा. झोळी जुनी असेल तर दोर आणि कडी बाबाने स्वतः लोंबकळून बघावी, आणि रात्रभराच्या झोपेला झोळी नको.

आजीला बाळ कुशीत घेऊन झोपायचं असेल तर दुपारची झोप तिच्याशेजारी, आपण जागे असताना. रात्री आईजवळच, पण वेगळ्या अंथरुणावर.

बोरन्हाण

काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटाभोवती रांगोळी, आणि मापात चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, रेवड्या, हलवा, गोळ्या-चॉकलेटं. हे सगळं चार महिन्यांच्या बाळाच्या डोक्यावर ओतायचं नसतं. बाळाला आईच्या मांडीवर घ्या, आईचा तळवा बाळाच्या कपाळावर छपरासारखा. डोक्यावरून फक्त चुरमुरे, तेही मुठीने, मागच्या बाजूने. बोरं आणि करवे बाळाच्या भोवती पसरलेल्या चादरीवर ओता. पोरांना वेचायला तिथेच मजा येते. वेळ अकरा-साडेअकराची ठेवा, अंगणात ऊन असतं.

हलव्याचे दागिने काळ्या कापडाच्या पट्टीवर टाके घालून झबल्यालाच शिवले तर गळ्याला काही अडकत नाही. हलवा टोचरा असतो, लाळ लागली की चिकट होतो, आणि बाळ तो ओढून तोंडात घालतं. फोटो झाले की लगेच उतरवा. नंतर बाळाच्या मानेच्या वळ्या, काखा, डायपरची कड नीट बघा. चुरमुरा हमखास तिथे बसलेला सापडतो. वेचायला आलेल्या पोरांमध्ये तीन-चार वर्षांखालची असतील तर त्यांच्या वाटणीच्या शेंगा, रेवड्या, बोरं त्यांच्या आईकडे द्या. अशा कार्यक्रमांत घास अडकतो तो बहुधा या मधल्या पोरांना.

लोक बोलणारच

"बारीकच आहे की." "आईवर नाही गेलं, सावळं आहे." "अंगावरचं पुरतंय ना?" "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही." प्रत्येकाला उत्तर दिलंत तर दुपार जाईल. वजनाच्या प्रश्नाला लसीकरणाच्या कार्डावरचा आकडा सांगायचा. रंगाच्या बोलण्याला बाबाने "माझ्यावर गेलंय, चांगलंच आहे" म्हणून विषय मिटवायचा. दुधाबद्दल विचारलं तर दिवसातून सहा-सात वेळा लंगोट ओला होतोय, म्हणजे पुरतंय. 'आमच्या वेळी'ला "तेव्हा कसं करायचात तुम्ही?" असं विचारा आणि खरोखर ऐका. त्या गोष्टी ऐकण्यासारख्या असतात, आणि सांगणारी बाई नंतर तुमच्या बाजूने बोलते.

सर्दी-ताप आलाच तर

जवळचा बालरोगतज्ज्ञ कोण, रात्री कुठे जायचं, हे पहिल्याच दिवशी विचारून फोनमध्ये नंबर ठेवा. निफाड, पिंपळगाव, ओझर, नाशिक, कुठे किती वेळ लागतो तेही. १०८ ची रुग्णवाहिका आहेच.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप म्हणजे सकाळची वाट बघायची नाही. कुठल्याही वयाच्या बाळात पुढचं काही दिसलं तरी लगेच निघायचं: श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, नाकपुड्या फुलताहेत, कण्हल्यासारखा आवाज येतोय, ओठ निळसर, दूध ओढत नाही, फार सुस्त आहे. श्वास मोजायचा तो बाळ शांत असताना, पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांच्या आत साठ किंवा जास्त, दोन ते बारा महिन्यांत पन्नास किंवा जास्त, म्हणजे वेगाने चाललाय.

साध्या सर्दीला मिठाच्या पाण्याचे थेंब, थोड्या थोड्या वेळाने दूध, एवढंच. दुकानातून खोकल्याचं औषध आणू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे विषारी द्रव्य मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने लहान मुलं दगावली, आणि त्यानंतर केंद्र सरकारनेही दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत असं बजावलं. ओवा-कापराची पुरचुंडी, कापूर घातलेलं तेल, छातीला बाम, हेही नको. कापूर बाळाच्या पोटात गेला तर झटके येऊ शकतात. ब्रँडीचा थेंब देणारे अजून आहेत, त्यांच्यापासून बाळ लांब.

परत आल्यावर

आठवडा-दहा दिवस बाळावर नजर ठेवा. गावी कोणाला ताप, गोवर-कांजिण्या असं काही निघालं तर लपवू नका, लगेच कळवा, असं निघतानाच सांगून या. लोकांना वाटतं उगाच काळजी कशाला. कळलं तर डॉक्टरांकडे वेळेत जाता येतं. आणलेले कपडे, दुपटी गरम पाण्यात धुवून उन्हात घाला. बाळाची झोप दोन-तीन दिवस विस्कटलेली राहते, कारण गावी ते कायम कोणाच्या तरी मांडीवर होतं. आपसूक जागेवर येते.

नातेवाइकांनी काढलेले फोटो तोवर सगळ्या ग्रुपवर फिरलेले असतात. बाळाचे उघड्या अंगाचे, आंघोळीचे फोटो कोणी टाकले असतील तर बाबाने त्या माणसाला खासगीत फोन करून काढायला सांगावं. आणि आजीला रोज संध्याकाळी दोन मिनिटांचा व्हिडिओ कॉल सुरू करा, म्हणजे उन्हाळ्यात पुन्हा गेलात की बाळ तिच्या आवाजाला वळून बघेल. पुढच्या लसीची तारीख कार्डावर बघून कॅलेंडरवर टाका. नऊ महिन्यांची गोवर-रुबेलाची फेरी गावच्या उन्हाळी खेपेत येत असेल तर ती आधी कुठे घ्यायची हे आत्ताच ठरवा.